ठोका चुकतो, इको नॉर्मल, होल्टरमध्ये १,२४८ व्हीई : वहिनींसाठी पुढे काय करायचं?

गोदाकाठ_इंदिरानगर

नमस्कार. वहिनींसाठी विचारतोय. वय ४४, वजन ५८ किलो, बीपी-शुगर नाही. दोन महिन्यांपासून दिवसातून आठ-दहा वेळा ठोका चुकल्यासारखं होतं. मध्येच छातीत रिकामं वाटतं, मग घशाशी एक जोराचा ठोका. रात्री डाव्या कुशीवर झोपल्यावर जास्त. दोन जिने चढले की धाप लागते आणि धडधड पाच-सात मिनिटं उतरत नाही. चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं नाही. घराण्यात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं नाही.

रिपोर्ट असे : ईसीजी नॉर्मल, क्यूटीसी (प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) ४३८. टूडी इको नॉर्मल, ईएफ (दर ठोक्याला बाहेर जाणारा रक्ताचा वाटा) ६० टक्के. २४ तासांचं होल्टर (अंगावर लावून ठेवायचं ईसीजी यंत्र), एकूण ठोके १,०४,०००, व्हीई (खालच्या कप्प्यातले जादा ठोके) १,२४८, एसव्हीई (वरच्या कप्प्यातले) ९२, रन (असे सलग जादा ठोके) नाहीत, सर्वांत मोठा पॉज (दोन ठोक्यांमधला थांबा) १.६ सेकंद. टीएसएच (थायरॉईडची तपासणी) २.१. हिमोग्लोबिन ९.४.

डॉक्टरांनी "हृदयाला काही नाही" असं सांगून मेटोप्रोलॉल २५ (नाडी हळू करणारी गोळी) लिहून दिली आहे, अजून सुरू केलेली नाही. ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल-डॉमपेरिडोनची कॅप्सूल आठ महिने रोज सकाळी चालू आहे. चहा चार-पाच कप.

१,२४८ हा आकडा मोठा आहे का? चहा बंद करायचा का? ईसीजीवालं घड्याळ घ्यावं का? आणि तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराची फेरी (पायी प्रदक्षिणा) करायचा त्यांचा दरवर्षीचा नेम आहे. यंदा पाठवावं का?

नाडी_साठ_सेकंद (एमडी मेडिसिन)

आधी एक गोष्ट वहिनींना सांगा, कारण निम्मी भीती तिथेच जाते. ठोका चुकत नाही, तो लवकर येतो. हृदयाच्या खालच्या कप्प्यातल्या एखाद्या जागेतून वेळेआधीच एक ठिणगी पडते. त्या वेळी कप्पा पुरता भरलेला नसतो, म्हणून तो ठोका मनगटापर्यंत पोचतच नाही आणि "रिकामं" वाटतं. त्यानंतर हृदय थोडं जास्त थांबतं, त्या वेळात नेहमीपेक्षा जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. घशाशी जाणवतो तो हा पुढचा, अगदी निरोगी ठोका. हृदय बंद पडत नाही. डाव्या कुशीवर ते छातीच्या भिंतीला टेकतं आणि रात्री आजूबाजूला शांतता असते, म्हणून तेव्हा जास्त कळतं.

आता आकडा. व्हीईची टक्केवारी काढा : १,२४८ भागिले १,०४,००० गुणिले १०० म्हणजे १.२ टक्के. इको नॉर्मल आणि सलग रन नाहीत, तेव्हा एवढ्याने हृदय कमकुवत होत नाही. १० टक्क्यांच्या पुढे गेलं की ठरावीक अंतराने इको करत राहावं लागतं. २० टक्क्यांच्या पुढे हृदय थकण्याचा धोका खरोखर वाढतो आणि औषध किंवा ॲब्लेशनचा (तार नेऊन ठिणगीची जागा जाळण्याचा) विचार करावा लागतो. नुसता "हजारांत आहेत" हा आकडा घाबरवतो, पण २४ तासांत हृदय लाखभर वेळा धडकतं हे विसरलं जातं. १.६ सेकंदांचा पॉज म्हणजे त्या लवकर आलेल्या ठोक्यानंतरचीच विश्रांती.

पण तुमच्या यादीत शेवटी लिहिलेला आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. हिमोग्लोबिन ९.४. बाईमाणसाचं ते १२ च्या खाली असू नये. रक्तात प्राणवायू वाहणारं कमी असेल तर तेवढंच काम करायला हृदयाला जास्त वेळा धडकावं लागतं. दोन जिन्यांत धाप आणि पाच-सात मिनिटं न उतरणारी धडधड ही व्हीईची लक्षणं नाहीत, ही रक्त कमी असल्याची आहेत. ते तसंच ठेवून मेटोप्रोलॉल सुरू केली तर शरीर जे भरून काढतंय तेच आपण दाबतो : नाडी कमी दिसेल, थकवा वाढेल. ज्यांनी लिहून दिली त्यांनाच हा प्रश्न थेट विचारा, आधी रक्ताचं बघू का.

सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) पुन्हा, त्यात एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) किती ते बघा. सिरम फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) करून घ्या. मॅग्नेशियम वेगळं लिहून घ्यावं लागतं, सोडियम-पोटॅशियमच्या नेहमीच्या पॅनलमध्ये ते येत नाही. आणि पाळी किती दिवस, किती जाते हे विचारा. ४४ व्या वयात हा प्रश्न टाळू नका.

फेरीबद्दल स्पष्ट सांगतो. हिमोग्लोबिन ९.४ असताना रात्रभर पावसात, उपाशीपोटी, चढ-उताराचं चालणं नको. हृदय नॉर्मल असलं तरी नको. त्र्यंबकला जाऊन दर्शन घ्यावं, कुशावर्तावर जावं, फेरी पुढच्या वर्षी.

लीड_टू (ईसीजी-होल्टर टेक्निशियन)

घड्याळाच्या प्रश्नाचं उत्तर देतो, पण त्याआधी नाडी मोजायला शिका, ते फुकट आहे. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटं ठेवायची, आपला अंगठा नाही, कारण अंगठ्यालाच स्वतःची नाडी असते. पूर्ण ६० सेकंद मोजायचं. १५ सेकंद मोजून चारने गुणणं ठोके अनियमित असताना चुकीचं येतं. दुसऱ्या हाताने टेबलावर ताल धरा, म्हणजे लय कळते. ताल चालू आहे, मध्ये एक मोकळी जागा, मग पुन्हा तोच ताल, ही एक्टोपिकची (वेळेआधी येणाऱ्या जादा ठोक्याची) खूण. ताल कुठेच सापडत नाही, प्रत्येक अंतर वेगळं, ही एट्रियल फिब्रिलेशनची (वरच्या कप्प्यांची लय पूर्ण बिघडण्याची) शंका. तिथे थांबायचं नाही, त्याच दिवशी ईसीजीची पट्टी काढायची.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर फार विसंबू नका. लवकर आलेला ठोका बोटापर्यंत पोचत नाही, म्हणून यंत्र तो मोजत नाही. एक साधा, एक एक्टोपिक असं आलटून-पालटून चाललं असेल तर ऑक्सिमीटर ३८ दाखवतो आणि ईसीजीवर ७६ असतात. घरचे लोक "नाडी ३८ झाली" म्हणून हादरतात. बीपीचं ऑटोमॅटिक यंत्रही अनियमित ठोक्यांत चुकतं, त्यामुळे एक-एक मिनिटाच्या अंतराने तीन वेळा घ्या आणि सरासरी धरा.

ईसीजीवालं घड्याळ उपयोगी आहे ते एकाच कारणासाठी : धडधड चालू असतानाची पट्टी हातात येते. रोज दहा वेळा तपासण्यासाठी घेऊ नका, त्याने भीती वाढते आणि भीतीने ठोके वाढतात. लक्षण जाणवलं की बसा, दोन्ही हात टेबलावर टेकवा, मनगट आणि बोट कोरडं पडलं असेल तर किंचित ओलं करा, ३० सेकंद बोलू नका, हलू नका. आलेली पीडीएफ जपून ठेवा आणि डॉक्टरांना मूळ पट्टीच दाखवा, घड्याळाने वर लिहिलेलं वाक्य नाही. ते एट्रियल फिब्रिलेशन ओळखायला बनवलेलं असतं. एक्टोपिक असले तर पुष्कळदा "अनिर्णित" म्हणून सोडून देतं. एकाच लीडचं (हृदयाकडे एकाच बाजूने बघणारं) असल्यामुळे हार्ट अटॅक त्यावर कळत नाही. छातीत दुखत असताना घड्याळाने "सामान्य" म्हटलं म्हणून घरी बसायचं नाही.

पुढचं होल्टर लावाल तेव्हा त्या दिवशी नेहमीसारखंच वागा. चहा, जिने, भांडण, सगळं. पुष्कळजण त्या दिवशी सुट्टी काढून पडून राहतात आणि रिपोर्ट नुसत्या विश्रांतीचा येतो. लावण्याआधी अंघोळ करा, छातीला तेल-पावडर लावू नका, घामाने पॅच सुटला तर वरून चिकटपट्टी लावा. आणि डायरी लिहा : वेळ, काय वाटलं, तेव्हा काय करत होता. डायरी कोरी असेल तर रिपोर्टमधल्या ठोक्यांचा आणि लक्षणांचा मेळ घालता येत नाही, मग निम्मी तपासणी वाया.

औषधाची_चिठ्ठी (फार्मासिस्ट)

त्या ॲसिडिटीच्या कॅप्सूलवर कुणी बोललं नाही, म्हणून लिहितेय. आठ महिने रोज, हे इथे फार मोठं आहे आणि एकाच कॅप्सूलमध्ये तीन गोष्टी अडकल्या आहेत.

पहिली, डॉमपेरिडोन. या जोड-कॅप्सूलमध्ये ते बहुधा ३० मिलिग्रॅम, हळूहळू सुटणारं असतं. ते हृदयाचा क्यूटी लांबवू शकतं. वहिनींचा क्यूटीसी ४३८ आहे, म्हणजे आज धोका दिसत नाही. पण पोटॅशियम-मॅग्नेशियम कमी झालं, किंवा वरून क्लॅरिथ्रोमायसिन, ॲझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन, फ्लुकोनाझोल, ऑन्डान्सेट्रॉन यांतलं काही आलं तर चित्र बदलतं. ५०० च्या वर क्यूटीसी म्हणजे जिवाशी खेळ. घशाच्या दुखण्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर ही कॅप्सूल चालू आहे हे त्यांना सांगायलाच हवं. "ॲसिडिटीची गोळी काय सांगायची" असं म्हणून लोक तीच नेमकी विसरतात.

दुसरी, पॅन्टोप्राझोल. महिनोन् महिने घेतल्यावर काहीजणांचं मॅग्नेशियम उतरतं, आणि मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही दिलं तरी टिकत नाही. दोन्ही कमी म्हणजे एक्टोपिकला मोकळं रान.

तिसरी, पोटातलं आम्ल कमी झालं की जेवणातलं आणि गोळीतलंही लोह कमी शोषलं जातं. म्हणजे हिमोग्लोबिन ९.४ चा एक धागा इथेही असू शकतो.

स्वतःहून एका दिवसात बंद करू नका. आठ महिन्यांनी एकदम तोडली तर दोन-तीन आठवडे जळजळ उसळून येते आणि माणूस पुन्हा तिच्याकडे वळतो. डॉक्टरांना विचारून आधी डॉमपेरिडोन नसलेली साधी गोळी, मग एक दिवसाआड, मग लागेल तेव्हा फॅमोटिडिन, अशी उतरण ठरवून घ्या. सोबत रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी, आणि उपाशीपोटी मिसळ बंद. जळजळीनेही काहींना ठोके जाणवतात, त्यामुळे हे दोन्हीकडून उपयोगी पडतं.

आणखी दोन औषधं घरात असतील तर बघा. सर्दीच्या गोळ्यांत फिनाइलेफ्रिन, आणि खोकल्याच्या पातळ औषधात टर्ब्युटालिन किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल असतं. दोन्हींनी धडधड होऊ शकते. बाटलीवर मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

मेटोप्रोलॉल पुढे सुरू झालीच तर : नाडी ५० च्या खाली किंवा वरचं बीपी १०० च्या खाली असेल त्या दिवशी घेण्याआधी डॉक्टरांना फोन. रोजची असेल तर परस्पर एकदम बंद करायची नाही, धडधड दुप्पट होऊन परतते. दमा असलेल्या शेजारणीला आपली गोळी "तुलाही बरं वाटेल" म्हणून द्यायची नाही.

सातपूर_दुसरी_पाळी

मधेच विचारतो, माफ करा. माझा भाऊ, वय २९. त्याचं वेगळं आहे. बसल्या बसल्या बटण दाबल्यासारखी धडधड सुरू होते, मोजली तर १८० च्या आसपास, २०-२५ मिनिटांनी तशीच एकदम थांबते. महिन्यातून एकदा. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं नॉर्मल, म्हणून "टेन्शन" म्हणतात.

नाडी_साठ_सेकंद

हे टेन्शन नाही असं धरूनच चाला. भीतीची धडधड चढत जाते आणि हळूहळू उतरते. बटणासारखी सुरू, बटणासारखी बंद, ताल एकसारखा आणि १८०, हे एसव्हीटीचं वर्णन आहे. वरच्या-खालच्या कप्प्यांमध्ये विजेला जायला एक जादा वाट असते आणि वीज गोल फिरत राहते.

त्याला एकच गोष्ट हवी : चालू असतानाची १२ लीडची पट्टी. त्यासाठी द्वारका सर्कलच्या गर्दीतून मोठं हॉस्पिटल गाठण्यापेक्षा कंपनीजवळचा, ईसीजी मशीन असलेला दवाखाना आधीच हेरून ठेवा. आत गेल्यावर पहिलं वाक्य "आत्ता चालू आहे, आधी पट्टी काढा" हेच. स्वतः गाडी चालवत जाऊ नये, बुलेटवर तर नाहीच. आणि शांत असतानाची पट्टीही हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. पट्टीवरचं पीआर हे अंतर आखूड आणि क्यूआरएस या लाटेची सुरुवात तिरकी असेल, म्हणजे जादा वाटेची खूण असलेली डेल्टा वेव्ह असेल, तर काही नेहमीची औषधं त्याला चालत नाहीत. ते आधीच कळलेलं बरं.

थांबवायची रीत आहे, पण एकदा डॉक्टरांसमोर शिकून घ्या. पाठीला उशा लावून अर्धवट बसायचं. सुई नसलेल्या १० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये तोंडाने १५ सेकंद जोर लावून फुंकायचं, दट्ट्या जेमतेम हलेल एवढा जोर. १५ सेकंद होताच सोबतच्या माणसाने लगेच त्याला आडवं करून दोन्ही पाय ४५ अंशांवर उचलून १५ सेकंद धरायचे. मग पुन्हा अर्धवट बसवायचं आणि ४५ सेकंद थांबून नाडी बघायची. नुसतं बसून फुंकण्यापेक्षा पाय उचलण्याने फार फरक पडतो : २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या चाचणीत जुन्या रीतीने १७ टक्क्यांची धडधड थांबली, या रीतीने ४३ टक्क्यांची. लोक चुकतात ते आडवं करायला उशीर लावून. उठून गादी सारखी करेपर्यंत परिणाम निघून जातो, म्हणून सपाट पलंगावरच करा. दोनदा करून थांबलं नाही तर दवाखाना. मानेची शीर दाबणं घरी नको, डोळे दाबणं तर कुणीच करू नये.

महिन्यातून एकदा येत असेल तर ॲब्लेशनबद्दल जरूर बोला. मांडीच्या शिरेतून तार नेऊन ती जादा वाट जाळतात. या प्रकारात साधारण १०० पैकी ९५ जणांचं कायमचं बरं होतं. २९ व्या वर्षी आयुष्यभर गोळी घेण्यापेक्षा ते योग्य, असं माझं मत.

आडगाव_नाका

धडधड झाली की जोरजोरात खोकायचं, अटॅक थांबतो, असा मेसेज सगळीकडे फिरतो. ते करावं का? आणि अर्जुनसालीचा काढा?

लीड_टू

खोकण्याचा मेसेज पुढे पाठवू नका, हात जोडून सांगतो. कॅथ लॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात त्या खोलीत) मॉनिटर लावलेल्या, शुद्धीवर असलेल्या माणसाला डॉक्टर समोर उभे राहून काही सेकंद खोकायला सांगतात, त्यातून ही गोष्ट निघाली. घरी खोकत बसलं तर १०८ ला फोन करायची वेळ जाते, दुसरं काही होत नाही.

धडधडीसोबत शुद्ध हरपली, छातीत दाब किंवा दुखणं आलं, बसल्या जागी श्वास लागला, घाम सुटून गार पडलं, किंवा व्यायामाच्या ऐन मध्यात डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सरळ १०८. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, म्हणजे पक्षाघाताची लक्षणं दिसली, तरीही तेच. रक्ताची गाठ विरघळवायच्या इंजेक्शनसाठी साधारण साडेचार तासच असतात. एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या साठीपुढच्या माणसांत ही भीती खरी आहे. म्हणून त्यांना रक्त पातळ करणारं औषध लागतं आणि त्याची जागा ॲस्पिरिन घेत नाही.

काढ्याबद्दल एवढंच : बीपीची, रक्त पातळ करायची किंवा ठोक्यांची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

गोदाकाठ_इंदिरानगर

सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट आले. फेरिटिन ७, एमसीव्ही ७१, पोटॅशियम ३.६, मॅग्नेशियम १.६, क्रिएटिनिन ०.७. पाळी आठ दिवस जाते आणि गाठी पडतात, हे विचारल्यावरच त्या बोलल्या. डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल थांबवून लोहाची १०० मिलिग्रॅमची गोळी दिली आहे. ती कशी घ्यायची? चहाचं काय? नारळपाणी चालेल का?

नाडी_साठ_सेकंद

फेरिटिन ७ म्हणजे लोहाची कोठी रिकामी. पाळीचं कारण शोधल्याशिवाय गोळी म्हणजे भोकाच्या हंड्यात पाणी, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफी याच महिन्यात. लाजेपोटी हे राहून जातं आणि हृदयाच्या तपासण्या होत राहतात.

गोळी दिवसातून एकदाच, जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर, लिंबूपाण्यासोबत. दूध, चहा, कॅल्शियमची गोळी तिच्या आगेमागे दोन तास नको. दोन वेळा घेतल्याने दुप्पट फायदा होत नाही. पहिल्या डोसनंतर शरीर काही तास लोहाचं दार ओढून घेतं. मळमळ झाली तर एक दिवसाआड घेतली तरी चालते. शौच काळं होतं, ते अपेक्षित आहे. तीन-चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन बघा, एक ते दोन ग्रॅम वर यायला हवं. आलं नाही तर रक्त अजून जातंय, किंवा गोळी शोषली जात नाहीये, आणि मग शिरेतून लोह देता येतं. १२ झालं म्हणून थांबायचं नाही, पुढे तीन महिने घ्यायची, नाहीतर कोठी रिकामीच राहते. बहुतेक जणी इथेच सोडतात.

पोटॅशियम ३.६ आणि मॅग्नेशियम १.६ दोन्ही कडेवर आहेत. एक्टोपिकचा त्रास असेल तर पोटॅशियम ४ च्या वर आणि मॅग्नेशियम २ च्या जवळ असलेलं बरं. मूत्रपिंड चांगलं आहे, त्यामुळे नारळपाणी, केळं, मूग, मटकी, बाजरी, तीळ, शेंगदाणे मोकळेपणाने. घरात कुणाला क्रिएटिनिन वाढलेलं असेल, किंवा बीपी-हृदयासाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर त्यांच्यासाठी हेच नारळपाणी आणि "कमी सोडियमचं" मीठ धोक्याचं ठरू शकतं. त्यांनी वहिनींचं बघून सुरू करू नये.

औषधाची_चिठ्ठी

चहा पूर्ण तोडायची गरज नाही. कॉफीवर २०२३ मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत १०० निरोगी माणसांना काही दिवस कॉफी आणि काही दिवस कॉफी बंद असं ठेवलं होतं. वरच्या कप्प्याचे जादा ठोके वाढले नाहीत. खालच्या कप्प्याचे, म्हणजे वहिनींच्या प्रकारचे, मात्र वाढले, आणि झोप अर्ध्या तासाहून जास्त कमी झाली. म्हणून दोन आठवडे पाचाचे दोन कप करून डायरीत बघा. एकदम शून्यावर आणलं तर डोकं दुखतं. माझ्या मते वहिनींच्या बाबतीत चहाचा मोठा दोष वेगळाच आहे : जेवणावर लगेच घेतलेला कप जेवणातलं लोह अडवतो. दुपारी चारनंतरचा कप आधी सोडा, झोप सुधारली की रात्रीचे ठोके आपोआप कमी जाणवतात. तंबाखू-मिश्री असेल तर ती मात्र पूर्ण बंद.

लीड_टू

रात्री जाणवायला लागलं की उजव्या कुशीवर वळा, चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. त्या वेळी नाडी धरून बसू नका.

दुसरं होल्टर लगेच नको. हिमोग्लोबिन १२ वर आलं आणि ॲसिडिटीची ती कॅप्सूल सुटून महिना झाला की लावा, शक्यतो त्याच सेंटरवर. पहिल्या रिपोर्टची सगळी पानं फाइलमध्ये ठेवा, नुसतं पहिलं पान नाही. आतल्या पट्ट्यांवर व्हीईचा आकार दिसतो, आणि ते सगळे एकाच आकाराचे आहेत की दोन-तीन वेगवेगळ्या, हे तुलना करताना डॉक्टर आधी बघतात.